डाळमिलच्या मालकीणबाई

आमच्या मंडळात दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी प्रत्येकीला एक मिनिट मिळतं. उभं राहायचं, नाव सांगायचं, धंदा सांगायचा, आपल्याला काय पाहिजे ते सांगायचं आणि खाली बसायचं. मिनिट संपलं की अध्यक्षबाई पेल्यावर चमचा वाजवतात. आम्ही अमरावतीच्या आणि आसपासच्या चाळीसएक धंदेवाल्या बायका मिठाईच्या एका दुकानावरच्या हॉलमध्ये जमतो. कुणाला गिऱ्हाईक हवं असतं, कुणाला शिवणकामाला पोरगी, कुणाला दुकानासाठी गाळा. जिला ठाऊक असेल तिनं चिठ्ठीवर नाव आणि नंबर लिहून द्यायचा. अध्यक्षबाई याला नेटवर्किंग म्हणतात. आम्ही ‘चिठ्ठ्या’ म्हणतो. मंडळाच्या पावत्या, पत्रकं, सगळ्यांची व्हिजिटिंग कार्डं माझ्या छापखान्यात छापली जातात, त्यामुळे मला प्रत्येकीचं थोडं जास्तच ठाऊक असतं.

सुमनताई गावंडे पहिल्यांदा आल्या तेव्हा पन्नाशीच्या असतील. ठेंगण्या, पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट घेतलेला, मांडीवर पिशवी. पाळी आली तशा उठल्या आणि म्हणाल्या, “मी सुमन. मूर्तिजापूरले दाळमिल हाये. मले काई नाई पायजे.”

सगळ्या हसल्या. चमच्याला अजून पुष्कळ वेळ होता. ताई बसल्या नाहीत. मागच्या रांगेत केक करणारी एक नवी मुलगी होती, तिच्याकडे हात करून म्हणाल्या, “हे पोरगी हाये ना, हिले ओव्हन ठेवाले जागा पायजे. तिनं सांगतलंच नाई, लाजली. बडनेऱ्याले माही मावसबहीन राह्यते, तिची पुढची खोली रिकामी पडून हाये. पोरी, लिहून घे न वं पत्ता.”

ती मुलगी आणि ताई जिना चढताना पाच मिनिटं सोबत होत्या, एवढीच त्यांची ओळख. खोली खरंच मिळाली. पुढं दर महिन्याला हेच. ‘मले काई नाई पायजे’ म्हणून ताई आपलं मिनिट दुसऱ्या कुणासाठी तरी वापरायच्या. परतवाड्याच्या बांबूकाम करणाऱ्या बाईला त्यांनी लग्नाच्या मांडवाची सजावट करणारीशी जोडून दिलं, आणि मग त्या दोघींची भांडणंही त्यांनीच मिटवली. लिहिता-वाचता येत असूनही त्या कागद वापरत नसत; चिठ्ठीही दुसरीकडून लिहून घ्यायच्या. कुणाला काय हवंय ते त्यांच्या डोक्यात असायचं. आणि डोक्यातलं कधी चुकत नसे. वर्षाअखेरी चिठ्ठ्या मोजल्या तेव्हा सगळ्यांत जास्त सुमनताईंच्या निघाल्या. त्यांच्या नावाची चिठ्ठी मात्र एकही नव्हती, कारण मागितलंच नाही तर देणार कोण?

त्यांचं खरं काम पाहायचं असेल तर त्यांना डाळ दाखवावी. पिशवीत चार-पाच पुड्या कायम असत. कुणाच्याही घरी गेल्या की पाणी पिऊन सरळ स्वयंपाकघरात जाणार, डब्याचं झाकण उघडणार आणि दाणा दाताखाली धरणार. माझ्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा मला वाटलं, बाई काहीतरी शोधतेय. दाणा चावून म्हणाल्या, “कोनाकून घेते वं? चांगलं तेल चोपडून चमकवून देल्ली तुले. तू चमक पाहून घेत असशीन.” मी चमक पाहूनच घेत होते. त्या दिवसापासून किराण्याच्या दुकानात मी फार विचारी चेहरा करून डाळ चावते. कळत काही नाही.

यंत्राच्या बाबतीतही तसंच. एकदा कार्डं न्यायला त्या छापखान्यात आल्या. आठ दिवसांपासून माझं छपाईचं यंत्र रंग हलवून छापत होतं आणि मेकॅनिकनं निम्मं खोलून ठेवलं होतं. ताई स्टुलावर बसल्या, चहा प्यायल्या, यंत्र सुरू झाल्यावर कान दिला आणि म्हणाल्या, “याचा एक पाय उचललेला हाये.” मेकॅनिक हसला. मी वाकून पाहिलं तर मागच्या पायाखालची फरशी खचलेली. पुठ्ठ्याची घडी सारली आणि काम झालं. मी विचारलं, ताई, हे कसं कळलं? तर म्हणे, “मिलच्या आवाजातच झोपते न मी. आवाज बदलला का जाग येते.”

मिल त्यांच्या नावावर होती. बायकांना उद्योगासाठी मदत मिळते म्हणून यजमानांनी, देविदासभाऊंनी, कागद त्यांच्या नावानं केले होते. पाटीवर ‘सुमन दाल उद्योग’. तुरीला तेलपाणी लावणं, वाळवणं, भरडणं, चुनी म्हणजे डाळीचा चुरा वेगळा काढणं, कामाच्या बायकांना सांभाळणं, सगळं ताई करायच्या. तूर कुणाकडून घ्यायची आणि डाळ कुणाला द्यायची ते भाऊ ठरवायचे. आपल्याबद्दल काहीही विचारलं की ताईंचं उत्तर ठरलेलं: “हे पाह्यतीन.” नवीन चाळणी घेणार का? हे पाह्यतीन. पुण्याच्या प्रदर्शनाला येणार का? हे पाह्यतीन.

आणि भाऊ खरंच सगळं पाहायचे. पांढरा शर्ट, खिशाला पेन, बोलणं तुपासारखं. दर सभेला ताईंना स्वतः गाडीनं आणायचे, खाली मिठाईच्या दुकानात बसून राहायचे आणि आमच्यासाठी वर गरम कचोऱ्या पाठवायचे. बरोबर पावणेएकला माझ्या फोनवर फोन: “मॅडम, मालकीणबाईले सांगा, निंघू.” ताई वाक्य अर्धं टाकून उठायच्या. आमच्यातल्या कितीतरी जणींना नवऱ्याशी भांडून, सासूला गुंगारा देऊन यावं लागायचं. त्यामुळे सगळ्या म्हणायच्या, नवरा असावा तर असा. मीही म्हणायचे.

पहिल्यांदा शंका आली ती एका फजितीमुळे. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘सुमनताई’ फार उत्साही होत्या. रोज सकाळी फुलं, प्रत्येकीच्या वाढदिवसाला केक, प्रत्येक बातमीला ‘धन्यवाद ताई’. एकदा एकीनं पाळीच्या दुखण्यावर काही उपाय आहे का म्हणून मोकळेपणानं विचारलं. लगेच सुमनताईंच्या नंबरावरून उत्तर आलं: ‘काळजी घ्या ताई. गरम पाणी प्या.’ पुढच्या सभेत ती बाई ताईंचे आभार मानायला गेली, तर ताई तिच्या तोंडाकडे पाहतच राहिल्या. “माह्यापाशी फोन कुठी हाये वं? थो नंबर त्यायचा हाये.”

म्हणजे वर्षभर आम्ही देविदासभाऊंशी गप्पा मारत होतो. हॉलमध्ये हसून हसून पुरेवाट झाली. ताईही हसल्या. घरी येऊन मी त्यांच्या कार्डाचा नमुना काढून पाहिला. नाव सौ. सुमन, हुद्दा प्रोप्रायटर, नंबर भाऊंचा. मीच छापलं होतं. बऱ्याच बायकांच्या कार्डावर असंच असतं आणि मी त्यात कधी काही पाहिलं नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात अकोल्याला एक खरेदीदार मेळावा होता. मंडळातर्फे काही जणींना टेबलं मिळाली होती. भाऊंच्या नात्यात नेमकं कुणीतरी वारलं, म्हणून ताई पहिल्यांदा एकट्या आल्या. मी बडनेऱ्याहून आगगाडीत बसले, त्या मूर्तिजापूरला चढल्या. अकोला येईपर्यंत त्या खिडकीला नाक लावून होत्या आणि प्रत्येक पिकाबद्दल काहीतरी टोमणा मारत होत्या. एवढं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मेळाव्यात अमरावतीच्या एका मुलींच्या वसतिगृहाच्या मेसवाल्या बाई आल्या. त्यांची तक्रार अशी की डाळ नीट शिजतच नाही, मुली रोज ओरडतात. पर्समधून नमुना काढून त्यांनी दोन-तीन टेबलांवर दाखवला होता. सगळ्यांनी आपापली डाळ पुढं केली. ताईंनी त्यांची डाळ हातावर घेतली, एक दाणा चावला, दुसरा चावला, तिसरा चावला.

“हे दोन वर्साची मिसळ हाये बाई. जुनी अन् नवी एका पोत्यात. नवी शिजून जाते, जुनी तशीच राह्यते. मंग तुमी आच वाढवता, तं नवीचं पीठ होते. कुकरचा दोष नाई, तुमचाबी नाई.”

मेसवाल्या बाई खुर्ची ओढून बसल्याच. अर्धा तास दोघी डाळीवर बोलत होत्या. शेवटी त्यांनी वही काढली. “तुमचा नंबर सांगा.”

मी कार्ड पुढं करणार, तेवढ्यात ताईंनी टेबलाखालून माझा हात दाबला. “उद्या कळवते,” म्हणाल्या.

परतीच्या गाडीत बोरगाव स्टेशन गेल्यावर ताई म्हणाल्या, “छाया, मले एक नंबर पायजे. माहा.”

त्या आमच्या मंडळात आल्यापासून त्यांनी मागितलेली ही पहिली गोष्ट. मी विचारलं, भाऊंना काय सांगाल? “इतक्यात काई नाई. एक वर्स हे एक काम माह्या हातानं होऊ दे. कोनाले दाळ देल्ली, काय भावानं देल्ली, कोनाशी बोलली, हे माहं मले ठावं असलं पायजे. पुढच्या वर्साच्या मागनीचं पत्र हातात आलं का मीच सांगीन त्यायले. माह्या तोंडानं.” मग म्हणाल्या, “थे वाईट नाई वं. पन सांगतलं का थे घेऊनच घेतेत हातातून.”

मग आमचं नाटक सुरू झालं. साधा फोन घेतला. तो घरी नेता येत नव्हता, म्हणून माझ्या छापखान्यातल्या टेबलाच्या खणात राहिला. मेसवाल्या बाईंचा फोन आला की मी घ्यायचा, निरोप लिहून ठेवायचा. डाळ मिलमधून कशी निघायची? ताई घरी सांगायच्या, मंडळाच्या बायकांनी मिळून मागवली आहे. भाऊ त्याला ‘किटी पार्टीची दाळ’ म्हणायचे आणि पोती स्वतः गाडीत टाकून अमरावतीला आणायचे. माझ्या छापखान्यात उतरवायचे आणि वर कचोऱ्याही द्यायचे. डाळ पुढं रिक्षानं वसतिगृहात जायची आणि तिकडचे पैसे ‘बायकांचे’ म्हणून ताईंच्या हातून घरी जायचे. मला हसू यायचं आणि भीतीही वाटायची.

दर पहिल्या शनिवारी सभा सुरू होण्याआधी, भाऊ मिठाईच्या दुकानात जाऊन बसले की ताई छापखान्यात यायच्या. खणातून फोन काढून, माझ्याकडे पाठ करून बोलायच्या. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. “नाई बाई, पंधरा दिसात जमनार नाई. तूर उन्हात नीट वाळली पायजे. महिना द्या, नाई तं दुसऱ्याकून घ्या.” समोरून मान्य झालं की फोन पदरानं पुसून खणात ठेवायच्या. मग पदर सारखा करायच्या आणि हॉलमध्ये जाऊन म्हणायच्या, “मले काई नाई पायजे.”

वर्ष भरत आलं. मेसवाल्या बाईंनी सांगितलं, पुढच्या वर्षाची मागणी लेखी देते, महिन्याभरात पत्र न्या. मी ताईंना निरोप दिला. त्यांनी तोंडावर पदर धरला आणि डोळे पुसले. इतकी कामं केलेल्या बाईला एका पत्राचं एवढं सुख होतं.

त्याच महिन्यात मंडळाचा वर्धापनदिन आला. सर्वांत जास्त चिठ्ठ्या दिल्या म्हणून सुमनताईंचा सत्कार ठरला. आमच्या मंडळाची रीत अशी की सत्कारमूर्तीच्या नवऱ्यालाही मंचावर बोलावायचं, शाल दोघांना, नारळ दोघांना. बायका पुढं जातात ते घरच्यांमुळे, असं अध्यक्षबाईंचं म्हणणं. मानपत्र छापायचं काम माझ्याकडे होतं, आणि अध्यक्षबाई म्हणाल्या, तूच लिही, तुझी आणि त्यांची जवळीक आहे.

मी मन लावून लिहिलं. आणि त्यात एक वाक्य घातलं: ‘एका नामांकित वसतिगृहाची वर्षभराची मागणी त्यांनी कोणाच्याही मदतीविना, स्वतःच्या हिमतीवर मिळवली व पार पाडली.’

कुणी म्हणेल, अनवधानानं झालं असेल. मीही काही दिवस तसंच म्हणून पाहिलं. पण ते खरं नाही. मंचावर भाऊ असणार हे मला माहीत होतं. त्यांनी ते ऐकावं, चाळीस बायकांसमोर ऐकावं, असं मला वाटत होतं. पत्र तर येणारच आहे, असं मनाशी म्हणत होते. तो क्षण ताईंचा होता, त्यांच्या तोंडचा होता, आणि तो मी परस्पर वापरला.

अध्यक्षबाईंनी ते वाक्य चढ्या आवाजात वाचलं. ताईंची नजर आधी माझ्यावर आली. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं पाहिलं आणि नजर खाली केली. देविदासभाऊंनी मात्र हात जोडले आणि माईक मागितला.

“मले तं आजच समजलं,” ते म्हणाले. त्यांचा आवाज भरून आला होता आणि ते सोंग नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. “एवढं मोठं काम केलं, अन् मले तरास होऊ नये मनून सांगतलं बी नाई. पन आता बस. आता तिले अशी धावपळ करू देनार नाई. सगळं मी पाह्यतो.”

टाळ्या थांबेनात. काही जणींनी डोळे पुसले. ताई शाल सावरत उभ्या होत्या.

सोमवारी सकाळी भाऊ छापखान्यात आले, हातात पेढ्यांचा पुडा. “मॅडम, तुमचे लय उपकार. थो फोन तुमच्यापाशी हाये मनते.” आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, भाऊंनी विचारलं आणि ताईंनी सांगितलं. मी खण उघडला आणि फोन दिला. नाही म्हणायला काय कारण होतं माझ्याकडे? त्याच दुपारी ते वसतिगृहात गेले. पत्र मिळालं, ते ‘सुमन दाल उद्योग’च्या नावानं, संपर्कासाठी भाऊंचा नंबर. तक्रार करायची तर कुणाची आणि कुठं? कागदावर सगळं ताईंचंच होतं.

पुढच्या महिन्यात ताई सभेला आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. ग्रुपवर सकाळची फुलं मात्र येत होती. मी तीन महिने धीर गोळा करत होते. शेवटी एकदा माफी मागायला मूर्तिजापूरला जायचं ठरवलं. ताई घरी आहेत का, हे विचारायला भाऊंनाच फोन करावा लागला. ते स्टेशनवर गाडी घेऊन हजर.

मिलच्या आवारात तूर पसरली होती आणि ताई तिच्यातून पाय ओढत चालत होत्या, दाणे खालवर करत. मला पाहून थांबल्या. पाय धुऊन आल्या, चहा ठेवला, ओसरीवर माझ्यासमोर बसल्या. भाऊ आमच्यामध्ये खुर्ची टाकून बसले. मी वाट पाहत होते, माणूस कधीतरी उठेल. पाणी हवं होतं, त्यांनी हाक मारून मागवलं. पान हवं होतं, तेही मागवलं. फोन आला, तो तिथंच बसून घेतला. पाहुणीला एकटं सोडायचं नाही, हा त्यांचा पाहुणचार होता.

तासाभरानं मी भाऊंसमोरच म्हणाले, “ताई, थे मानपत्राचं... माहं चुकलं.”

“चुकलं कायचं मॅडम!” भाऊच बोलले. “एवढं झाक लिहिलं! पाहा, फ्रेम करून लावलं.” भिंतीवर ते खरंच लावलेलं होतं. ताईंनी तिकडे पाहिलं नाही. माझ्या बशीत आणखी एक लाडू ठेवला आणि म्हणाल्या, “खा.”

निघताना त्या फाटकापर्यंत आल्या. भाऊ गाडीचं दार उघडून उभे होते, मला स्टेशनवर सोडायला. मला वाटलं, आता तरी काहीतरी बोलतील, शिवी तरी देतील. ताईंनी माझा हात धरला. भाऊंना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, “हे लय चांगले हायेत वं छाया. भांडाले बी जागा नाई ठेवत.”

भाऊ मांडीवर थाप मारून हसले. ताई हसल्या नाहीत, माझ्याकडे पाहत राहिल्या. आणि मी, काय करावं ते न सुचून, भाऊंबरोबर हसले.